हेड कोच नक्की कोण, रेफरी कसं ठरवतात?

पोरगा_कोर्टवरचा: बास्केटबॉलच्या जिल्हा स्पर्धेत एका टीमच्या बाकापाशी दोघं उभे राहून बोंबलत होते, रेफरीने एकाला बसवलं तर तो म्हणे अहो मीच हेड कोच. अशा वेळी ऐकायचं कोणाचं?

शिट्टीवाला: ऐकायचं काय त्यात, स्कोअरशीट बघायची. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात मॅचच्या किमान १० मिनिटं आधी हेड कोच त्यावर सही करतो, विषय संपला. उभं राहायला तो किंवा फर्स्ट असिस्टंट, पण एका वेळी एकच.

जुना_खेळाडू: आणि असिस्टंट बोंबलला तरी टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाचा) हेड कोचच्याच नावावर बरं का, शीटवर 'बी' म्हणजे बेंचचा म्हणून. हेड कोचच्या स्वतःच्या वागण्याचे दोन 'सी' म्हणजे कोचचे फाऊल झाले की थेट बाहेर.

पोरगा_कोर्टवरचा: मग टीम कोण बघणार?

शिट्टीवाला: शीटवर फर्स्ट असिस्टंट असेल तर तो, नसेल तर कॅप्टन, खेळता खेळता. आमच्याकडे बऱ्याच टीम फर्स्ट असिस्टंटची ती ओळ कोरीच सोडतात!