स्क्वीझबॉक्स टच ठेवावा की नवा स्ट्रीमर घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे लॉजिटेकचा स्क्वीझबॉक्स टच आहे (नेटवर्कवरून गाणी आणि रेडिओ वाजवणारा प्लेअर, म्हणजे स्ट्रीमर). त्याची मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद झाल्यापासून रेडिओ लागत नाही. नव्या राउटरवर वायफायही जोडलं जात नाही. अॅम्प आणि स्पीकर उत्तम आहेत. टच बदलावा का?

उत्तर १: अजिबात नको! रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायकोरप्लेअर ही संगीतासाठीची मोफत प्रणाली टाका आणि त्यातच लिरियन म्युझिक सर्व्हर सुरू करा (पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, टचला गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर). रेडिओ आणि पॉडकास्ट त्याच्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) मिळतात. गाणी यूएसबी डिस्कवर ठेवा. राउटरमध्ये पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवा. तो बदलला की टचला सर्व्हर सापडेनासा होऊ शकतो.

उत्तर २: टचचं वायफाय जुन्या ८०२.११जी प्रकारचं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि त्याला डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत कळत नाही. राउटरवर २.४ ला वेगळं नाव देऊन त्यावर जुनी डब्ल्यूपीए२ ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे लॅन केबल. २४ बिट/९६ किलोहर्ट्झच्या उच्च दर्जाच्या गाण्याला, कॉम्प्रेस न करता, सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट लागतात, कमजोर सिग्नलवर तिथेच आवाज तुटतो.

उत्तर ३: १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींसाठी बदलू नका, सर्व्हर त्या टचला झेपणाऱ्या ९६ वर आणून देतो. टचस्क्रीनच गेली तर मात्र दुसऱ्या पायवर डॅक हॅट (डिजिटल गाणं अॅम्पसाठी अॅनालॉग करणारं कार्ड) बसवा. तोही त्याच सर्व्हरला जोडला जातो, अॅम्प तोच राहतो.