मदत हवी आहे: गाडी पुढून ठोकलीय, सांगलीत स्वस्तात काम कुठं होईल?

भडंगप्रेमी
काल रात्री अंकलीजवळ उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी बसली. माणसं ठीक आहेत. बोनेट, बंपर, डावी हेडलाइट गेली, खालून पाणी गळतंय. वर्कशॉपनं 86 हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. एवढे कुठनं आणू? माधवनगर रोड, कुपवाड, मिरज, कुठंही चालेल, पण 40 च्या आत काम करणारा सांगा. जरा लवकर, सोमवारी गाडी पाहिजे.

मिरजवाला
गाडी कुठली, किती साली घेतलेली? इन्शुरन्स आहे का? एअरबॅग उघडल्या का?

भडंगप्रेमी
स्विफ्ट डिझेल. इन्शुरन्स आहे. एअरबॅग नाही उघडल्या. गॅरेज सांगा की राव.

मिरजवाला
आहे म्हणजे फुल की थर्ड पार्टी? थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीला एक रुपया मिळत नाही.

हळदबाजार
क्लेमच्या नादी लागू नका, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. मी कोल्हापूरहून स्क्रॅपमधलं बोनेट आणि लाइट आणली, मिरजेत मिस्त्रीकडनं बसवून रंग मारून घेतला. निम्म्यात काम. आजतागायत एक किरकिर नाही.

उसाचा_फड
ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. कारखाने सुरू झाले की रात्री गाडी काढायची म्हणजे जीव मुठीत. ट्रॅक्टरवाल्याकडनं भरून घ्या.

हळदबाजार
मागून कोण बसलं? ते म्हणतील नुकसान तुम्हीच द्या.

उसाचा_फड
माझा पण ऊस जातो, म्हणूनच बोलतोय. शंभर-दोनशेची लाल पट्टी चिकटवायला काय होतं?

घाटमाथा_सातारा
ट्रॉलीचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. धागाकर्ते, मॉडेल कुठल्या सालचं? आणि वर्कशॉपला गाडी टो करून नेली की चालवत?

भडंगप्रेमी
2018. फुल इन्शुरन्स. एनसीबी 50 टक्के आहे, तो घालवायचा नाही म्हणून तर रोखीनं करतोय! गाडी टो केली.

घाटमाथा_सातारा
टो केली ते बरं झालं. आता इंजिन चालू करू नका. पाण्याविना इंजिन तापून हेड गेलं तर तो खर्च अपघाताच्या क्लेममध्ये धरत नाहीत.

आता हिशेब. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या भागांवर 40 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात. प्लॅस्टिक-रबरवर 50. काचेवर काही नाही. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा माल धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात. मजुरी पूर्ण मिळते. 1500 सीसीपर्यंत वर 1000 रुपये सक्तीची वजावट, तुमचं इंजिन त्यात बसतं. तुमच्या 86 मध्ये समजा पत्रा 34, प्लॅस्टिक 24, रंग 14, मजुरी 14. कंपनी देईल साधारण 57,650. तुमच्या खिशातनं 28 हजार. तुम्ही 40 खर्चायला निघालाय.

एनसीबीचं म्हणाल तर तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 करत परत 50. मधल्या पाच वर्षांतला तोटा जोडला तर एनसीबी कापायच्या आधीच्या एका वर्षाच्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट होतो. पॉलिसी काढून तो आकडा बघा. 6 हजार असेल तर साडेसात हजार गेले. त्यासाठी 57 हजार सोडणार? नुसतं बंपर खरचटलं असतं तर मीच म्हणालो असतो, क्लेम नको.

कुपवाड_लेथ
झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) का नाही घेतलं? मी दरवर्षी घेतो.

मिरजवाला
तुमची नवी असेल. इतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. आणि आता विचारून उपयोग काय?

कुपवाड_लेथ
मागच्या दाराचा जुना पोचा पण ह्याच क्लेममध्ये घाला.

घाटमाथा_सातारा
असलं सांगू नका हो. पुढून ठोकल्यावर मागचं दार कसं चेपलं, हे विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा विचारतो. खोटा क्लेम म्हणून सगळाच अडकेल.

हळदबाजार
कागदाचा हिशेब बरोबर असेल, पण पैसे मिळेपर्यंत फेऱ्या मारा. रोखीत गाडी चार दिवसांत दारात.

घाटमाथा_सातारा
कॅशलेस केलं तर कंपनी वर्कशॉपला थेट देते, आपण फरकच भरायचा असतो. स्क्रॅपमधली लाइट मलाही चालते. पण एसीचा कंडेन्सर, रेडिएटर जुना घालू नका, आणि पुढचा अ‍ॅप्रन (बोनेटखालचा आतला पत्रा) वाकलाय का ते मापून घ्या. नुसती पुट्टी भरून रंग मारला तर वरून कळत नाही, टायर एका बाजूनं खायला लागल्यावर कळतं.

भडंगप्रेमी
ओन डॅमेज 5,200 दिसतंय. मग क्लेमच टाकतो. पण वर्कशॉपवाल्यानं गाडी खोलायला घेतलीय वाटतं, फोन आला होता.

मिरजवाला
आत्ताच्या आत्ता थांबवा! आधी क्लेम नोंदवा, सर्व्हेअर बघून गेल्याशिवाय नटबोल्ट काढायचा नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, नंबरप्लेटसकट.

भडंगप्रेमी
थांबवलं. बंपर तेवढा उतरवलाय. क्लेम नंबर आला, सर्व्हेअर सोमवारी. मग सोमवारी गाडी नाही म्हणा. आणि उतरलेले जुने भाग आपल्याला मिळतात का?

घाटमाथा_सातारा
बहुतेकदा भंगाराची किंमत धरून तेवढी कापतात. सर्व्हेअरलाच विचारा.

हळदबाजार
मिरजेच्या मिस्त्रीचा नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय. उपयोगी पडेल.