पहिल्या दुधाचा ठसका
'पहिल्या दुधाला ठसका लागतोच, बाळ हळूहळू शिकतं' असं नवजात बाळाबद्दल म्हणतात, ते अर्धंच खरं. ठसक्यासोबत बाळ निळं पडत असेल, किंवा पाजण्याआधीच तोंडातून फेसाळ लाळ येत असेल, पुसली तरी थांबत नसेल, तर पुढचा घोट देऊच नये. (मध-गुटीवाल्या आजीलाही आवरायचं.)

मी जत भागात नर्स आहे. अशा वेळी बाळाची अन्ननलिका जन्मतःच बंद असू शकते, म्हणून तोंडातून जाडसर नळी घालून बघतात. अन्ननलिका बंद असली की ही नळी साधारण १० सेंटिमीटरवर अडते. बारीक मऊ नळी तिथंच गुंडाळते आणि पोटात गेल्यासारखी वाटते, खरी गोम तिथं. म्हणून एक्स-रे हवाच. मिरजेला मोठ्या दवाखान्यात पाठवताना वाटेत डोकं उंच ठेवून लाळ ओढत राहावी लागते. सोनोग्राफीत गर्भजल जास्त आलं असेल तर तीही याची खूण असू शकते, म्हणून प्रसूतीआधीच सांगून ठेवा.