दोघांचेही काम घरून चालत असेल, तर वर्षभर मॉरिशसला जाऊन राहावे का?

बाणेरवासी :
माझे पती आणि मी दोघेही माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आहोत आणि दोघांचेही काम पूर्णपणे घरून चालते. एक जण बैठकीच्या खोलीत, दुसरा शयनगृहात दार लावून, अशी आमची दिवसाची विभागणी असते आणि पुण्यात राहत असूनही पुण्याशी आमचा संबंध संध्याकाळच्या फेरीपुरताच उरला आहे. म्हणून मूल होण्यापूर्वीचे एक वर्ष समुद्राकाठच्या एखाद्या बेटावर काढावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आधी बालीचा विचार केला होता. तेथील दूरस्थ कामाच्या व्हिसासाठी वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. मॉरिशसच्या ‘प्रीमियम व्हिसा’साठी महिना १,५०० डॉलर पुरतात आणि वर्षभर राहता येते. शिवाय वेळेचा हिशेब आहे. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तर मॉरिशस दीड तास मागे. अमेरिकेतील ग्राहकाशी रात्री साडेआठला होणारी आमची बैठक बालीत अकराला आणि मॉरिशसमध्ये सातला पडेल. दररोजच्या झोपेचा प्रश्न असल्यामुळे आमच्या दृष्टीने निवड येथेच झाली. माझे मत असे आहे की, ज्यांना हे शक्य आहे त्यांनी ते टाळू नये. विरोधी मतेही ऐकायची आहेत.

कोथरूडचा_जुना_रहिवासी :
ताई, आपण व्हिसा पाहिला, वेळ पाहिली. दोघांच्याही आईवडिलांचा उल्लेख मात्र आपल्या लिखाणात नाही. आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक घरांत आता केवळ ज्येष्ठ जोडपी राहतात. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर अनामत रक्कम ऑनलाइन भरता येते, परंतु शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करायला आणि डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावायला घरचे माणूस समोर असावे लागते. अशा वेळी शेजारी म्हणून मी उभा राहिलो आहे, आणि ‘मुलगा कधी येणार?’ या प्रश्नाला उत्तर देणे किती जड जाते, ते मला ठाऊक आहे. मुंबईहून मॉरिशसचा थेट प्रवास सहा तासांच्या आसपासचा असला, तरी त्यात पुण्यापर्यंतचा रस्ता आणि पुढच्या विमानाची वाट पाहणे धरलेले नसते. नोकरीसाठी जावे लागणे मी समजू शकतो. येथे तर कामही हेच राहणार आणि पगारही हाच, तेव्हा केवळ बदल हवा म्हणून इतके दूर जाणे मला योग्य वाटत नाही.

हिशेबाची_वही :
मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्याने कराविषयी लिहितो, कारण परदेशात वर्षभर राहिले की भारतातील कर सुटतो, असे समजणारे पुष्कळ जण माझ्याकडे येतात.

समजा, आपण १ ऑक्टोबरला निघून पुढच्या ३० सप्टेंबरला परतलात. पहिल्या आर्थिक वर्षात एप्रिल ते सप्टेंबर असे १८३ दिवस आपण भारतात होतात. दुसऱ्या वर्षात ऑक्टोबर ते मार्च असे १८२ दिवस असाल. निवासी ठरण्याची मर्यादा १८२ दिवसांची असल्यामुळे दोन्ही वर्षी आपण भारतात निवासीच राहता आणि जगभरातील उत्पन्न येथे करपात्र ठरते. दुसरीकडे, मॉरिशसचे करवर्ष जुलै ते जून असे असते आणि तेथे १८३ दिवस राहिल्यास तोही देश आपल्याला निवासी मानतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा १९८२ सालचा करार आहे, परंतु त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी कागदपत्रे लागतात. प्रीमियम व्हिसाधारकांच्या बाबतीत परदेशातील उत्पन्न मॉरिशसमध्ये आणले जाते तेव्हा तेथे कराचा प्रश्न येतो, म्हणून पैसे कोणत्या मार्गाने तेथे नेता हेही निघण्यापूर्वी ठरवावे.

याहून मोठी अडचण कंपनीची आहे. तिच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. कर्मचारी परदेशात बसून दीर्घकाळ काम करू लागला, तर कंपनीचे त्या देशात कायमस्वरूपी अस्तित्व, म्हणजे तेथील कर लागू होईल असे कामाचे ठिकाण, निर्माण झाले, असा दावा तेथील करखाते करू शकते. शिवाय ग्राहकाची माहिती देशाबाहेरून हाताळू नये, अशी अट अनेक करारांत असते. ‘कोणाला कळणार आहे?’ असे म्हणून लॅपटॉप घेऊन निघणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होय. येथील आरोग्यविमा बहुधा भारतातील उपचारांपुरताच असतो, तेव्हा तेथला विमा वेगळा घ्यावा. व्हिसासाठीही तो आवश्यकच आहे.

मोकाहून_परतलेला :
मी तेथे काही काळ राहिलो आहे आणि बाणेरवासींच्या बाजूने आहे. इंटरनेटची चिंता करू नये. फायबरची जोडणी बेटावर जवळपास सर्वत्र पोहोचली आहे. मराठी माणसाला तर ते बेट परके वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी परिसरातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांचे वंशज आजही तेथे आहेत, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. त्यांच्या घरात आता बहुतेक क्रिओल ही तेथील बोलीभाषा बोलली जाते, तरीही आरतीचे शब्द तेच असतात. विसर्जनाच्या वेळी समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला गावाचे नाव विचारले आणि आपले मूळ गाव कोकणात कोठे असावे, हे समजून घेण्यासाठी ते बराच वेळ बोलत राहिले. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी पाहिल्यावर तर आपल्याला बिनगुळाची पुरणपोळीच आठवेल.

अर्थात, नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो, हे लक्षात ठेवावे. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याच्या लोंढ्यात मोटारी वाहून गेल्या होत्या. वादळाचा इशारा तिसऱ्या श्रेणीवर गेला की व्यवहार थांबतात. त्या दिवसांत काम होणार नाही, हे कंपनीला आधीच सांगून ठेवावे. बहुतांश खाद्यपदार्थ आयात होत असल्यामुळे किराणा पुण्यापेक्षा महाग पडतो.

मुळाकाठ :
माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरच्या कमाईवर राहायला आलेला माणूस जे भाडे सहज देतो, ते तेथे शिकवणाऱ्या शिक्षिकेला किंवा हॉटेलातील कामगाराला परवडत नाही. दापोली-गुहागरकडे पुण्या-मुंबईच्या पैशाने जमिनींचे भाव कोठे नेऊन ठेवले, हे आपण पाहिले आहे. पुण्यात घरभाडे वाढले की आपण बाहेरून आलेल्यांना दोष देतो. मग मॉरिशसमध्ये आपण त्यांच्याच जागी असू, याचा विचार करायला नको का? जायचेच असेल, तर किनाऱ्यावरचा बंगला न घेता क्युरपिपसारख्या मध्यभागातील साध्या वस्तीत राहावे.

बाणेरवासी :
सर्वांची आभारी आहे. मुळाकाठ यांची सूचना मला पटते आणि किनाऱ्यापासून दूरची घरे आम्ही पाहणार आहोत. करासंबंधी सल्लागाराशी बोलल्याशिवाय आणि दोन्ही कंपन्यांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय तिकिटे काढणार नाही.

कोथरूडच्या काकांशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. माझी आई सत्तरीची असून तिला मधुमेह आहे. हा विषय तिच्यापुढे मांडला तेव्हा, ‘मी आजारी पडेन म्हणून तुम्ही थांबलात, तर मला रोज आजारी असल्यासारखेच वाटेल,’ असे ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ पाषाणला राहतो आणि वर्षभर तिची जबाबदारी घ्यायला तयार आहे.

कोथरूडचा_जुना_रहिवासी :
आपल्या आई धीराच्या आहेत, परंतु आईवडील मुलांना अडवत नाहीत म्हणून त्यांना मुले जवळ नको असतात असे होत नाही. भाऊ तयार आहे, हे आपण लिहिलेत. भावजयीचे मत लिहिले नाही, आणि रोजची औषधे, चाचण्या, पथ्य हे सारे पुष्कळदा तिच्याच वाट्याला येते. तिच्याशी समोर बसून बोला. ती मनापासून हो म्हणाली, तर माझा विरोध मी मागे घेईन.