बिलिबिली मोठं झालं ते यूट्यूबवरच्या बंदीमुळे की स्वतःच्या जोरावर?

रानवारा:
चिनी व्हिडिओ साइट्सचा विषय निघाला की हमखास एकच ऐकू येतं, चीनने यूट्यूबला बंदी घातली म्हणून यांचं फावलं. मला हे अजिबात पटत नाही. २००९ ला शू यी नावाच्या विशीतल्या पोराने मिकूफॅन्स म्हणून अ‍ॅनिमेवाल्यांसाठी (जपानी कार्टून मालिकांच्या चाहत्यांसाठी) छोटी व्हिडिओ साइट काढली, २०१० मध्ये तिचं बिलिबिली झालं आणि २०१८ ला तीच अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात लिस्ट झाली. पक्कं मेंबर व्हायचं तर १०० प्रश्नांची परीक्षा, ६० मार्क मिळाले तर पास. गर्दीवर चालणाऱ्या धंद्यात दारातच असं कोण अडवतं? पण त्यामुळेच आत आलेली मंडळी टिकली.

कोकणकडा:
अहो मार्च २००९ मध्ये तिकडे यूट्यूब ब्लॉक झालं आणि जूनमध्ये ही साइट आली, तारखाच सांगतात की सगळं. शिवाय सुरुवातीचा माल कुठला, तर जपानी अ‍ॅनिमे, लोकांनी राइट्स नसताना चढवलेलं. ते दान्मू, म्हणजे व्हिडिओवरून पळणाऱ्या प्रेक्षकांच्या कमेंट, तेसुद्धा जपानच्या निकोनिको या व्हिडिओ साइटचं, आणि चीनमध्ये ते आधी अ‍ॅकफन या दुसऱ्या साइटवर आलेलं. मग यांचं स्वतःचं काय?

रानवारा:
अ‍ॅकफन २००७ चं, म्हणजे परदेशी साइट्स अडवणाऱ्या त्याच चिनी भिंतीच्या आत, तीच आयडिया, वर दोन वर्षं आधी. तरी मागे पडलं. शू यी तिथलाच युजर, ती साइट सारखी बंद पडायची म्हणून तर त्याने दुसरी काढली! तुडौ आणि यूकू या चिनी व्हिडिओ साइट्सही होत्या, तुडौ २००५ पासून, यूकू २००६ पासून, दोघं २०१२ मध्ये एक झाले, पैसा मुबलक, तरी तरुण पोरं बिलिबिलीकडेच गेली. नुसत्या बंदीने होत असतं तर आपल्याकडे २०२० ला टिकटॉक गेल्यावर देशी अ‍ॅप पुढे यायला हवी होती, जागा घेतली रील्स आणि शॉर्ट्सने.

कोकणकडा:
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आपण चिनी अ‍ॅप काढली पण गूगल, मेटाला दार उघडंच होतं. चीनने तेही लावलं, म्हणून घरच्यांना वाढायला वेळ मिळाला.

चिंचेचीसावली:
मी शांघायला दोन वर्षं होते नोकरीला, रात्री एकटीच जेवायचे आणि समोर बिलिबिली लावलेलं असायचं. दान्मूची गंमत बाहेरून नाही कळत. कमेंट ज्या सेकंदाला लिहिली त्याच सेकंदाला चिकटून राहते, त्यामुळे कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं "पुढे जपून" भीतीदायक सीनच्या आधी बरोब्बर येतं आणि आपल्यासोबत शंभर लोक बसलेत असं वाटतं, टुरिंग टॉकीजमध्ये वाटायचं ना, तस्सं. भिंत होती हे खरंच, पण मी रोज भिंतीमुळे नव्हते जात तिथे.

हिशेबनीस:
भावना ठीक पण पैसा बघा ना. लिस्टिंगच्या वेळी कमाईचा मोठा वाटा मोबाइल गेम्सचा, त्यातही फेट ग्रँड ऑर्डर हा जपानी गेम. व्हिडिओंवर पोट भरत नव्हतं, आणि पहिला तिमाही नफा दिसला २०२४ च्या शेवटी. बाहेरचा तगडा स्पर्धक असता तर इतकी वर्षं तोटा सोसत उभं राहता आलं असतं का, याचं उत्तर द्या रानवारा.

रानवारा:
देतो. सोनीने २०२० मध्ये ४० कोटी डॉलर घातले ते तोटा दिसत असतानाच. त्यांनी भिंत विकत नाही घेतली, तिथे बसलेली पोरं बघितली.