मदत हवी आहे: आई-बाबांबरोबर मास्सा-कर्रारा (इटली), मुक्काम कुठे करावा, संगमरवराच्या खाणी कशा बघाव्यात?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या मध्यात आई-बाबा माझ्याकडे पिसाला येताहेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस त्यांचं मागे एका ग्रुपबरोबर झालंय, त्यामुळे या वेळी बाबांची एकच फर्माईश आहे: "कर्राराची खाण दाखव." बाबांचं सांगलीत फरशीचं दुकान आहे. राजस्थानातल्या किशनगडहून येणाऱ्या 'इटालियन' संगमरवरी स्लॅबच्या शिरा नुसत्या बघून हा स्टॅच्युअरिओ की साधा कर्रारा हे ते सांगतात, पण तो डोंगरातून निघताना कधी पाहिलेला नाही.

आईला दगडात काडीचा रस नाही. तिला समुद्र हवा, निवांतपणा हवा, आणि गुडघ्यांमुळे चढउतार नको. शिवाय ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

नकाशा बघून वाटतंय की दोघांचंही एकाच प्रांतात भागेल. मास्सा-कर्रारा म्हणजे तोस्कानाचा वायव्य कोपरा. खाली वाळूचा किनारा, त्याला जवळजवळ खेटून अपुआन आल्प्स, आणि डोंगरापलीकडे माग्रा नदीचं लुनिजाना खोरं. ट्रेनमधून डोंगरावर पांढरं दिसतं ते बर्फ नसून खाणींचा चुरा आहे, हे मला इथे आल्यावर लॅबमधल्या मुलांनी हसत हसत सांगितलं. त्यापलीकडे माझी माहिती शून्य.

चार-पाच दिवस हाताशी आहेत. मुक्काम किनाऱ्यावर करावा, कर्रारा गावात, की लुनिजानात? गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का? आणि आईने खायचं काय? चिंक्वे तेर्रे सुचवू नका प्लीज, तो शेजारचा प्रांत आहे आणि तिथल्या पायऱ्या आईला झेपणार नाहीत.

– पिसाकर

घाटमाथा:
मी पार्मात राहतो, समुद्र बघायचा तर आम्हाला चीसा खिंड उतरून याच प्रांतातून जावं लागतं. मुक्काम मरीना दि कर्रारालाच करा. सगळं सपाट आहे, आईंना संध्याकाळी किनाऱ्याने चालता येईल आणि मान वर केली की बाबांना खाणी दिसतील. पिसाहून कर्रारा-आवेंझा स्टेशन पाऊण तासाच्या आसपास. मात्र स्टेशन खाली आहे आणि कर्रारा गाव आत, चढावर. मधे बस आहे.

खाणींची तीन मुख्य खोरी आहेत: तोरानो, फांतिस्क्रीत्ती आणि कोलोन्नाता. तुमच्यासाठी फांतिस्क्रीत्ती. तिथे डोंगराच्या पोटातल्या खाणीत छोट्या बसने आत नेतात, चालणं फारसं नाही. आईंनासुद्धा आवडेल. आत देवळाच्या सभामंडपापेक्षा कितीतरी उंच दालनं आहेत, चारी बाजूंनी कापलेला पांढरा दगड. गारवा असतो, स्वेटर न्या. उघड्या खाणींवर जीपने नेणारेही आहेत, पण ते धक्के गुडघ्यांना नकोत. वर जाताना 'पोंती दि वारा' हे पूल लागतील, ते मुळात दगड वाहणाऱ्या रेल्वेचे. १९६४ मध्ये ती रेल्वे बंद झाली आणि तिच्या मार्गावर रस्ता केला.

बाबांना काम चालू असलेलं बघायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा.

छिन्नी:
शिल्पकलेच्या निमित्ताने कर्रारात राहून आलोय, म्हणून थोडं बाबांसाठी.

हल्ली बहुतेक कापणी हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने होते. त्याआधी पिळाची पोलादी तार असायची आणि तिच्यावर सतत वाळू-पाणी सोडायचे. दगड कापायची ती वाळू, तार फक्त ती ओढून न्यायची. पण बाबांनी खरं समजून घ्यावं ते 'लिझ्झातूरा'. ब्लॉक दोरखंडांनी बांधून लाकडी ओंडक्यांवर ठेवायचे आणि उतारावरून इंचाइंचाने खाली सोडायचे. पुढे साबण लावलेली फळकुटं एकेक टाकत जायचं, मागे सुटलेलं उचलून पुन्हा पुढे आणायचं. टोळीचा म्होरक्या ब्लॉकच्या बरोबर समोर उभा राहून इशारे द्यायचा. दोर तुटला की पहिला तोच. मुसोलिनीच्या रोममधल्या स्तंभाचा सुमारे ३०० टनी दगड १९२८-२९ मध्ये असाच साबणावरून घसरवत खाली आणला.

मायकेलअँजेलो 'पिएता'चा दगड निवडायला स्वतः इथे आला होता, हे गाइड सांगेलच. गाइड बहुधा सांगणार नाही ते असं की आज डोंगरातून निघणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा ब्लॉक नसतोच. चुरा होऊन कॅल्शियम कार्बोनेट म्हणून कागद, रंग, टूथपेस्टमध्ये जातो. कापणीचा पांढरा गाळ ओढ्यांत उतरतो. गावात दोन तट आहेत: खाण म्हणजे पोट म्हणणारे आणि डोंगर संपवताय म्हणणारे. मला दुसऱ्यांचं जास्त पटतं, पण स्टुडिओत छिन्नी हातात धरून हे बोलायला मीही बिचकायचो.

बोटिचिनो संगमरवर मात्र इथे शोधू नका. तो ब्रेशियाकडचा.

आल्याचा चहा:
खाण्याबद्दल. किनाऱ्यावर 'काल्दा काल्दा' मिळते, म्हणजे काबुली चण्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. अंडं-दूध काहीच नाही. आईंचं अर्धं काम तिथेच झालं. लुनिजानात 'तेस्तारोली' खा: जाड बिडाच्या भांड्यात भाजलेली पोळी शंकरपाळीच्या आकारात कापतात, गरम पाण्यात क्षणभर बुडवतात आणि वर पेस्तो, म्हणजे बेझिलची चटणी.

दोन ठिकाणी सांभाळा. पेस्तोत चीज असतं आणि पार्मेझान, पेकोरिनो ही चीझ वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आईंना ते चालतं का, आधी विचारून घ्या. दुसरं म्हणजे डुकराची चरबी. फोकाच्चा पाव आणि भाजी भरलेल्या 'पाई'च्या कणकेतही ती असू शकते. 'सेन्झा स्त्रुत्तो?' (चरबीशिवाय?) एवढं पाठ करा. कोलोन्नाताला गेलात तर दुकानोदुकानी लार्दो दिसेल, म्हणजे संगमरवराच्या कुंडांत मीठ-रोझमेरी घालून मुरवलेली डुकराची चरबी. तिथे आईंना बाहेरच्या चौकात बसवा.

पिसाकर:
खूप खूप आभार! मरीना दि कर्रारा पक्कं. आईला रेनेटचं सांगितलं, ती म्हणाली "मग मी मेतकूट आणते". @घाटमाथा, गाडीचं काय करू? आणि लुनिजाना वगळू का?

घाटमाथा:
वगळू नका, एक दिवस द्या. पोंत्रेमोलीला ट्रेनने जाता येतं, बहुधा मधे एकदा गाडी बदलावी लागेल. वर पियान्यारो किल्ल्यात लुनिजानाचे स्तंभपुतळे आहेत. वालुकाश्मातली माणसं, सर्वांत जुनी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, अर्धचंद्रासारखी डोकी, पुरुषांच्या हाती खंजीर. संगमरवराच्या मुलखात सर्वांत जुनी शिल्पं साध्या दगडात आहेत, हे बाबांना मजेशीर वाटेल. किल्ल्याची वाट चढाची आहे, आईंसाठी टॅक्सी करा.

गाडी फक्त एका दिवसापुरती घ्या, काम्पोचेचिना आणि फोस्दिनोवोसाठी. काम्पोचेचिना १,२०० मीटरच्या वर आहे आणि रस्ता अगदी जवळपर्यंत जातो. एका बाजूला वरून दिसणाऱ्या खाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र. फोस्दिनोवोत मालास्पिना घराण्याचा किल्ला आहे. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना सांगलीच्या आरटीओतून बाबांनी काढून आणावा. गावांच्या जुन्या भागात झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका, दंडाची चिठ्ठी घरी येते.

आणि रेनकोट हवाच. समुद्रावरचे ढग या डोंगराला थडकून तिथेच रिते होतात. ऑक्टोबरमध्ये तर मी सांगितलंच नसतं. २५ ऑक्टोबर २०११ ला माग्राच्या पुराने आउल्ला गाव बुडालं होतं. सप्टेंबरच्या मध्याला तेवढी भीती नाही, पण काम्पोचेचिनाचा दिवस आधी ठरवू नका, सकाळी डोंगर मोकळा दिसला की निघा.

पिसाकर:
बाबा विचारतात, खाणीवर भाव चौरस फुटावर सांगतात का?

छिन्नी:
ब्लॉक टनावर, स्लॅब चौरस मीटरवर. खाणीतल्या गाइडला विचारून उपयोग नाही. आवेंझाकडे स्लॅबची गोदामं आहेत, आधी ईमेल करून जा, व्यवसाय काय ते लिहा. फरशीवाला आलाय म्हटल्यावर दाखवतील.

कोपरापर्यंत:
वाचनखूण साठवली. पिसाकर, परत आल्यावर फोटो टाका.