अनुभव धागा: आपण बोललो, लिहिलं, आणि त्याचं पुढं काय झालं

उत्तरेश्वर_पेठ
काल दुपारी आमच्या भिशीच्या गटावर निरोप आला. 'तातडीने ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे, लहान मुलगी आहे, कृपया पुढे पाठवा.' खाली नंबर. माझ्या थोरल्याचं तेच रक्त, म्हणून आधी फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पोरगी आता पाचवीत आहे. ठणठणीत आहे. चार वर्षं झाली, अजून फोन येतात." आवाजात राग नव्हता, दमलेला आवाज होता.

फोन ठेवला आणि २०१९ चा ऑगस्ट, कोल्हापूरचा पूर डोळ्यापुढं आला. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका, त्या वेळी ती ५५ च्या पुढं गेलेली. नणंदेच्या घराचा खालचा मजला बुडाला, सहा माणसं माडीवर. मी घाईघाईनं लिहिलं, 'सहा जण अडकलेत, म्हातारी सासू आहे, होडी पाठवा, सगळीकडं पाठवा.' पत्ता दिला. तारीख नाही, वेळ नाही. चारच्या सुमारास शेजारच्या तालमीच्या पोरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही रडलो, देवापुढं दिवा लावला, आणि 'सुटका झाली' असं लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळीच होडी त्या पत्त्यावर गेली. रिकाम्या घराभोवती हाका मारत फिरली. त्यातल्या एका पोरानं नंतर फोन केला. "काकी, माणसं निघाली होती तर सांगायचं नाही का? तेवढ्यात चिखलीला आमची एक खेप झाली असती."

हे आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या बोलण्यानं, लिहिण्यानं कुणाचं बरं झालं असेल, वाईट झालं असेल, किंवा बोलायचं राहून गेलं असेल, ते लिहा. फार मोठं पाहिजे असं काही नाही.

शाहूपुरीकर
काकी, असं त्या पुरात कितीजणांचं झालं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आमच्या मंडळानं नियमच केला. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ. मग माणसं किती, कितव्या मजल्यावर, आजारी किंवा बाळंतीण कोण आहे का, जवळची खूण काय. रस्त्याच्या पाट्या पाण्याखाली जातात, देवळाचा कळस दिसतो. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. आणि सुटका झाली की त्याच निरोपाखाली तसं कळवायचं. दोघांना फक्त फोन करून खात्री करायला बसवलेलं. होडीत जायला सगळी पोरं तयार, फोनवर बसायला कोण तयार नव्हतं. पण खरं काम त्या दोघांनी केलं.

तांबडापांढरा
२०१८ पासून व्हॉट्सॲपवर एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येतंय. आणि लई फिरून आलेल्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की मी आधी फोन लावतो. दूध उतू चाललंय, बाकीचं नंतर.

भोगावती_काठ
आमच्यात तर थेट धरण फुटलं होतं. राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, धरण भरलं की पाण्याच्या जोरानंच. एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक. कुणीतरी लिहिलं 'दरवाजे उघडले'. पुढच्यानं लिहिलं 'सुटले'. आमच्या वाडीत येईस्तोवर 'फुटलं'. रात्री अकराला चुलत्यानं म्हशींची दावी कापली आणि सगळे टेकाडावर. चुलती चिखलात घसरली, मनगट मोडलं. ज्यानं 'सुटले' लिहिलं तो काय लबाड नव्हता. गावाची काळजी होती म्हणूनच घाई केली त्यानं.

आजरा_घनसाळ
चुलतीचा हात आता कसा आहे? आमच्या मामीचं असंच झालेलं, तिला गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकून बरं वाटलं.

भोगावती_काठ
थंडीत दुखतोय. सांगतो शेकायला.

जयसिंगपूरकर
बाबांना सांगायचं नाही असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं होतं. डॉक्टर त्यांच्या उशाशी उभे राहून आमच्याशी इंग्रजीत बोलायचे. बाबा ह्याच्या तोंडाकडं बघ, त्याच्या तोंडाकडं बघ. सौदा चाललाय आणि मालक बाजूला उभा, तसं.

एका रात्री मी बाहेरून पाणी घेऊन आलो तर सिस्टर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलेली. बाबा विचारत होते, "बाई, मला झालंय काय?" ती म्हणाली, "काका, तुम्हाला सगळं ऐकायचंय का थोडं?" बाबा म्हणाले, सगळं. मग तिनं सांगितलं. पोटात गाठ आहे. तुकडा तपासायला गेलाय. बुधवारी कळेल कसली आहे. बुधवारपर्यंत जेवण सोडायचं नाही. एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि 'काही होत नाही हो' असंही म्हणाली नाही.

मी दारातच तापलो. हिला कुणी सांगितलं होतं? तक्रार करायला निघालो तर बाबांनी मनगट धरलं. "तिनं मला विचारलं तरी. इतके दिवस सगळे माझ्याबद्दल बोलत होता, माझ्याशी कोण बोलत होतं?"

बुधवारी जे कळायचं ते कळलं. पुढचे सात आठवडे त्यांनी स्वतः बसून सातबारा बघितला, आत्तीचं राहिलेलं देणं दिलं, एका जुन्या मित्राला घरी बोलावून दोन तास बोलत बसले. त्यांच्याशी वीस वर्षं अबोला होता. आम्ही लपवत राहिलो असतो तर हे सात आठवडे त्यांना मिळाले नसते. मला आपण खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नव्हतं. माया करतोय असंच वाटायचं.

कागलची_लेक
वाचून गप्प बसले. नंतर लिहिते.

पन्हाळा_धुकं
"आईला बरं नाही, निघून ये." एवढाच फोन. बेंगळुरूहून रात्रभर गाडी चालवत आलो. मधे चारदा फोन केला, "झोपलीय" म्हणाले. पोचलो तर दारात माणसं. थोरल्या भावाला वाटलं खरं सांगितलं तर गाडी चालवताना ह्याचं काहीतरी होईल. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, आजही ठरवता येत नाही. पण त्या रात्री हुबळीपासून पुढं मी आईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं याचा विचार करत आलो. सांगितलं असतं तर मित्राला सोबत घेतलं असतं आणि मागं बसून रडत आलो असतो.

जयसिंगपूरकर
भावा. भेटू या एकदा.

कचेरीचा_कट्टा
माझे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आता मी बसतो. एक बाई आल्या, रेशनकार्डाचं काम. "मालक गेले माझे, पाच वर्षं झाली." मी लिहिलं, 'अर्जदाराचे पती मयत असून'. वडिलांची सवय होती, अंगठा किंवा सही घेण्याआधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा. तसा वाचला. बाई कपाळावरच्या कुंकवाला हात लावून ओरडल्या, "अवो मेले न्हाईत! सोडून गेले!" मी पानाकडं बघतच बसलो. वाचून दाखवलं नसतं तर जिवंत माणूस सरकारी कागदावर मेला असता आणि त्या बाई खोटा अर्ज केला म्हणून अडकल्या असत्या.

दुसरं म्हणजे 'सबब', 'उपरोक्त', 'सदरहू' मी आता लिहीत नाही. 'म्हणून' लिहिलं तरी अर्ज चालतो. ज्याचा अर्ज आहे त्याला तो कळला पाहिजे.

इचलकरंजी_लूम
'सदरहू' वरून आठवलं. ज्या कारखान्यात होतो तिथं फळ्यावर कागद लागला, 'मजुरीचे सुधारित दर'. पोरांनी पेढे आणायची तयारी केली. दर कमी केलेले. धंदा मंदीत होता हे आम्हाला दिसत होतं, मालकानं समोर येऊन सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतं. 'सुधारित' ह्या शब्दाचा राग अजून आहे.

गगनबावडा_एसटी
थोडं वेगळं. आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी येतो' बोलतात ना, तसंच माझ्या बायकोनं पुण्यातल्या ऑफिसात लिहिलं, 'मी उद्या फाईल देतो'. तिकडनं उत्तर, 'धन्यवाद सर'. महिनाभर सर.

तांबडापांढरा
माझं पण! मला तर एकजण दादा म्हणायचा. मी बदललो नाही, आमची आजी तसंच बोलायची. कोल्हापूरचं बोलणं उद्धट म्हणणाऱ्यांनी आमच्या आजीचं 'जेवल्याबिगर जातोस कुठं' ऐकायला पाहिजे होतं.

गगनबावडा_एसटी
व्हय व्हय. जेवण झालं का?

तांबडापांढरा
झालं. झुणका.

माणगावकर
कचेरीचा_कट्टा, तुमचं वाचून आईची गोष्ट लिहायचं ठरवलं. आमचं गाव माणगाव, बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचं. १९२० च्या मार्चमध्ये बाबासाहेब आणि शाहू महाराज इथं एका मांडवात होते. त्याआधी जेमतेम दोन महिने 'मूकनायक' सुरू झालेला, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिलेले. ज्यांना तोंड नाही त्यांच्यासाठी बाबासाहेबांचं वर्तमानपत्र. आईला हे पाठ आहे.

ती लग्न होऊन दुसऱ्या गावात राहते. राखीव जागेवर ग्रामपंचायतीची सदस्य झाली. सातवी शिकलेली. पहिल्याच महिन्यात शिपाई प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेत काय झालं ते लिहायचं बुक घेऊन घरी आला, म्हणाला सही करा. पान कोरं. बाकीच्यांच्या सह्या खाली झालेल्या. आई म्हणाली, "आधी लिव्हा, मग वाचून दावा, मग सही." परत पाठवला. असं तीनदा झालं. लोक म्हणाले बाईला अक्कल नाही, खोळंबा करते. चौथ्या वेळी सभा खरोखर भरली, आणि पाण्याच्या टाकीचा खर्च पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचला गेला. आई त्या दिवशी फार काही बोलली नव्हती. 'वाचा' एवढंच म्हणाली.

कागलची_लेक
आईंना नमस्कार सांगा. माझं राहू दे आज, पोरं शाळेतनं आली.

शाहूपुरीकर
काकी, नणंदेचं घर आता दुरुस्त झालं का?

उत्तरेश्वर_पेठ
झालं. जोतं तीन फूट वर घेतलं.

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. त्या गृहस्थांना मी संध्याकाळी परत फोन केला, विचारलं की तुमच्या वतीनं एक निरोप लिहू का. हो म्हणाले, फक्त मुलीचं नाव घालू नका. लिहून आधी त्यांना वाचून दाखवला, मग पाठवला. वर कालची तारीख आणि वेळ, मग 'या नंबरचा रक्ताचा निरोप चार वर्षांपूर्वीचा आहे. मुलगी बरी आहे. रक्त नको आहे. कृपया फोन करू नका, जुना निरोप पुढे पाठवू नका.' खाली माझं नाव.

आजरा_घनसाळ
आमच्याकडं आज सकाळी परत जुनाच आला, काकी. त्याच्या खाली तुमचा चिकटवलाय.